डोमाजी मिस्त्री आणि उस्तादाची भिंत

हा किल्ला कुणी बांधला असं विचारलं तर डोमाजी मिस्त्री कधी राजाचं नाव सांगायचे नाहीत. "उस्तादानं," म्हणायचे. आणि म्हणायचे असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, उस्ताद आत्ताच चहा प्यायला खाली उतरलाय, येईलच घटकाभरात. उस्तादाला जाऊन चारपाचशे वर्षं तरी झाली असावीत. त्याचं नाव, गाव, जात, कशाचाच पत्ता नव्हता. कागदावर एवढंच होतं की किल्ला गोंड राजांच्या काळातला, दगडी, दोन दरवाजे, सात बुरूज, पडझड झालेला. तो कागद माझ्याच कपाटात असायचा, म्हणून सांगतो.

मी पुराणवस्तू खात्यात कारकून होतो. माझ्या बापानं वांकिडीकडे जन्मभर दुसऱ्याच्या कापसात निंदण केलं, आणि मी तेलुगू शाळेत शिकून, टायपिंगची परीक्षा देऊन खुर्चीवर बसलो. म्हणून खुर्चीला फार जपायचो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं कुणी माझ्याकडून मर्दुमकीची अपेक्षा ठेवायला नको.

किल्ला बेज्जूरच्या अंगाला, जंगलात, चिंचगुडा नावाच्या वाडीच्या डोक्यावर. आंध्र सरकारनं तो दुरुस्तीला काढला तेव्हा आठवड्यातून दोनदा हजेरीपट घेऊन मी वर चढायचो. धापा टाकत पोचलो की पहिल्यांदा मिस्त्रीच दिसायचे. ठेंगणा माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, भुवयांत कायमचा चुना. हातात ओळंबा. तो लोखंडी लंबक आणि त्याची दोरी ते फडक्यात गुंडाळून ठेवायचे, जमिनीवर कधी टेकवायचे नाहीत. आमच्यासारख्याच मजुराच्या घरात जन्मलेले, पण पोरवयात वडारांच्या टोळीबरोबर गेले आणि दगड शिकून आले. वडारांकडून तेलुगू बोलायलाही शिकले. वाचायला शिकले ते मात्र मराठीच, तेही बोट ठेवून.

त्यांना कुणाच्या घरी न्यायची सोय नव्हती. एकदा मी कौतुकानं जेवायला बोलावलं. पाटावर बसायच्या आधी भिंतीला तळहात लावला, हातोडीच्या दांड्यानं दोनचार ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, खाट तिकडं सरकवा. या भिंतीचं पोट सुटून राह्यलं." बायको आठ दिवस त्या खोलीत झोपली नाही. घरमालकाशी माझं भांडण झालं ते वेगळंच. भिंत पुढं पडली नाही, पण मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. "पडंन," म्हणायचे, "घाई काय हाये?"

उस्तादाविषयी मात्र ते रोजचं काहीतरी नवीन सांगायचे. भिंतीसमोर भाकर सोडून बसायचे आणि घास चावता चावता वाचल्यासारखं सांगायचे. हा तुकडा उस्तादानं उन्हाळ्यात बांधला, चुना लवकर सुकलेला दिसतो. इथं त्याच्याजवळ माणसं कमी होती, दगड लहान वापरले. इथं राजा पाहायला आला असंन, नक्षी उगाच जास्त केली. मी म्हणायचो, "मिस्त्री, तुमी काय होते तिथं?" तर शेजारी बसलेल्या गिरजाबाई हसायच्या.

गिरजाबाई म्हणजे त्यांची बायको. तीही मस्टरवर, घमेली वाहायला. मूलबाळ नव्हतं. दोघं किल्ल्याच्या दरवाजाशी पालाच्या खोपटात राहायची. बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. नवऱ्याची उस्तादभक्ती चालू झाली की त्या म्हणायच्या, "मेल्या म्हशीले मनभर दूध! जित्या मानसाले कवा चांगलं म्हनलं नाई या बाबानं." मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एकदा त्यांनी शोध लावला की उस्ताद डावखुरा होता. बुरजाच्या दर्शनी दगडांवर छन्नीचे बारीक ओरखडे असतात, ते नेहमीपेक्षा उलटीकडे कललेले आहेत म्हणे. मला काही दिसेना. ते मला दगडापाशी नाक टेकवायला लावून दाखवत होते, मी "हौ, हौ" म्हणत होतो. पण पुढं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पडलेल्या जागी नवे दगड बसवायचे होते. त्यांच्यावरचे ओरखडे जुन्यांशी जुळावेत म्हणून हा पन्नाशीचा माणूस डाव्या हातानं छन्नी चालवायला शिकला. तीन आठवडे बोटं ठेचून घेतली. नखं काळी पडली. इंजिनियरसाहेबांना फरक कळणार नव्हता, मलाही नव्हता, हैदराबादहून कुणी आलं असतं तर त्यालाही नाही. गिरजाबाई हळद लावता लावता बोलायच्या, "मेलेल्यासाठी जित्या हाताचं वाटोळं करून राह्यला. काऊन असं करता? कोन पाह्यते?"

"उस्ताद पाह्यते," मिस्त्री म्हणाले.

मला तेव्हा खरं तर रागच आला. आम्हाला बोटं ठेचून घ्यायला वेळ नव्हता. कामाचा रिपोर्ट महिन्याला जायचा आणि तेवढ्या तीन आठवड्यांत मिस्त्रींचे नऊ दगड झाले होते. मी ते एकवीस लिहिले. मिस्त्रींना पर्मनंट करायची फाइल हैदराबादला पडून होती, आणि नऊ दगडांवर कुणी पर्मनंट होत नाही. हे मी त्यांच्या भल्यासाठी केलं होतं. त्यांना कळलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणखी एक दिवस आठवतो. मी वर पोचलो तर सगळे मजूर जिलबी खात बसलेले. मिस्त्रींनी बाजारात माणूस पाठवून मागवली होती. मला वाटलं, फाइल मंजूर झाली की काय, आणि मलाच कशी माहीत नाही! मिस्त्रींनी माझा हात धरून ओढत पूर्वेच्या बुरजाशी नेलं. "चुकला, बाबू! उस्तादबी चुकला!" दोन्हीकडून बांधत आलेल्या टोळ्यांचे थर मधे येऊन जुळले नव्हते. चार बोटांचा फरक पडला होता. तो लपवायला एक दगड पायरीसारखा कापून मधे घातला होता. मिस्त्री त्या दगडावरून हात फिरवत होते आणि बारशाला आल्यासारखे हसत होते. "चार बोटं," म्हणाले. "रात्री झोपला नसंन बिच्चारा." त्यानंतर महिनाभर जो येईल त्याला ते ती चूक दाखवायचे.

आता त्या भिंतीचं सांगतो. तेच सांगायचं आहे.

किल्ल्याच्या उत्तरेला दोन पुरुष उंचीची लांब तटबंदी होती. तिच्यामागं आतल्या बाजूनं मातीची भर. पावसाळ्यात ती सगळी टेकडी पाणी पिऊन बसायची. पहिल्याच पावसाळ्यात मिस्त्रींनी मला त्या भिंतीखाली उभं केलं. वरच्या थरांत दगडांच्या सांध्यांत चुना होता, खालच्या चार थरांत नव्हताच. नुसते बारीक दगड ठोकून बसवलेले. आणि त्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, सगळीकडून, शांतपणे.

"चुना गळून गेला," मी म्हणालो.

"घातलाच नाई," मिस्त्री म्हणाले. "मुद्दाम नाई घातला. पानी वैरी नसते, बाबू. पानी पावना हाये. दार उघडं ठेवा, येते तसं जाते. कोंडून ठेवलं तर घर पाडते."

दुसऱ्या वर्षी इंजिनियरसाहेब आले. तरुण, सभ्य, समुद्राकडच्या जिल्ह्यातले. वाईट माणूस नव्हता, मुद्दाम सांगतो. त्यांनी तटबंदी पाहिली, सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपटी पाहिली आणि घाबरले. घाबरणं बरोबरही होतं. पिंपळाच्या मुळ्या भिंत फोडतात. त्यांनी हिंदीत सांगितलं, "मिस्त्री, जोड पूरे बंद करना. ऊपर से नीचे तक, सिमेंट में. एक पत्ता भी नहीं उगना."

मिस्त्री म्हणाले, "सायब, नीचे का पानी किधर से जाता?"

साहेबांनी एस्टिमेट काढून पाहिलं. पाण्याला पाइप ठेवायची त्यात तरतूद नव्हती. नव्यानं मंजुरी मागवायची तर पावसाळा तोंडावर. "अगले साल देखेंगे," म्हणाले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याच आठवड्यात हैदराबादहून पत्र आलं होतं, डोमाजी यांचं काम व वर्तणूक समाधानकारक असल्याचा साहेबांचा दाखला पाठवा, म्हणून. ते पत्र माझ्याजवळ होतं, आणि मिस्त्रींना त्याची खबर मीच दिली होती. ते "जी" म्हणाले.

तटबंदीचा अर्धा भाग ठेकेदाराच्या माणसांना दिला, अर्धा मिस्त्रींना. ठेकेदाराच्या माणसांनी त्यांच्या रीतीनं केलं. वाळू जास्त, सिमेंट नावाला, वरवर थापलेलं. मिस्त्रींनी एकेक सांधा वीतभर आत खरवडला, धुतला, ओला ठेवला, कांडून कांडून भरला आणि वरून असा घोटला की बोट फिरवलं तर कळू नये दगड कुठं संपला. मी कामाची मापं घ्यायला गेलो तेव्हा दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहिले. लाज वाटावी इतका फरक होता. साहेबांनी मिस्त्रींची पाठ थोपटली आणि तिथल्या तिथं दाखल्यावर सही केली. गिरजाबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना गोड भात केला.

पाऊस उशिरा आला आणि आला तो सुटेचना. चार दिवस लागून राहिला. पाचव्या दिवशी ऊन पडलं, म्हणून मी हजेरीपट घेऊन वर गेलो. मिस्त्री उत्तरेच्या तटबंदीखाली उभे होते. ठेकेदाराच्या अर्ध्यातून पाणी गळत होतं, सिमेंटच्या खपल्या निघाल्या होत्या, जागोजागी चिखल. मिस्त्रींचा अर्धा भाग कोरडा. चार दिवसांच्या पावसानंतर भिंत कोरडी ठणठणीत.

"एक थेंब नाई, बाबू," मिस्त्री म्हणाले.

ते कशा आवाजात म्हणाले हे मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला आहे. मी म्हणालो, "वा!" आणि हजेरी घ्यायला दरवाजाकडे गेलो. मिस्त्री दुसऱ्या टोकाला कामाला लागले. दुपारी बाया जेवायला बसल्या. सगळीकडे ओल होती, कोरडी जागा तेवढी एकच. गिरजाबाई इतरांच्या आधी जाऊन तिथं बसल्या आणि बाकीच्यांना हाक मारली. त्या बाया यायच्या होत्या, कुणी हात धूत होती, कुणी डबा सोडत होती. मोठा आवाज वगैरे झाला नाही. ट्रकमधून मुरूम ओततात तसा झाला. मी वळून पाहिलं तर तिथं भिंत नव्हती, आणि लाल पाणी उतारानं चाललं होतं.

मिस्त्री धावत आले. ओरडले नाहीत. दगड उचलायला लागले. सगळे मिळून उचलत होते, पण मिस्त्री प्रत्येक दगड उचलला की बाजूला नीट ठेवायचे, तोंड वर करून, ओळीत. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, फेका ना!" ते ऐकू गेलं नाही त्यांना. गिरजाबाई सापडल्या तेव्हा दगडांच्या चार ओळी झाल्या होत्या. मिस्त्री बसले. बाईंच्या चेहऱ्यावरचा चिखल धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मग पुन्हा उठून पाचव्या ओळीला लागले. आम्ही त्यांना धरून खाली नेलं.

मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी मस्टरवर गिरजाबाईंच्या नावापुढं काय खूण करायची हे विचारायला ऑफिसात फोन लावला. माणूस असा होऊ शकतो हे मला स्वतःवरूनच कळलं.

चौकशीला हैदराबादहून मोठे साहेब आले. डाकबंगल्यात बसले. आदल्या संध्याकाळीच जबाब तयार करून ठेवले होते, सगळ्यांचे एकच: तटबंदीच्या मूळ बांधकामात दोष होता, खालच्या थरांत चुना नव्हता, म्हणून ती पडली. त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. इंजिनियरसाहेब सुटत होते, ठेकेदार सुटत होता, मिस्त्री पर्मनंट होत होते. राहता राहिला उस्ताद. मी मिस्त्रींना व्हरांड्यात गाठलं आणि समजावलं. "सही करा, मिस्त्री. दहा दिवसांत ऑर्डर येते. म्हातारपणी पेन्शन येईल. उस्ताद काय कोर्टात येनार हाये?"

मिस्त्री भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. दाढी वाढलेली. म्हणाले, "चोर सोडून संन्याशाले फाशी देता का, बाबू?"

"तो मेलेला हाये."

"गिरजा बी मेलेलीच हाये. मेलेल्याच्या नावावर मेलेली टाकू काय?"

आत बोलावलं. मोठे साहेब तेलुगूत विचारत होते, मी मराठीत सांगत होतो, मिस्त्रींचं उत्तर तेलुगूत लिहून घेत होतो. मिस्त्रींना तेलुगू कळत होती, तरी ते प्रत्येक वेळी माझ्या मराठीची वाट पाहायचे. साहेबांनी जबाब पुढं सरकवला. मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही.

साहेब वैतागले. म्हणाले, "तुझा तो जुना मिस्त्री काय देव होता? त्याची चूक होऊच शकत नाही?"

"झाली ना, सायब," मिस्त्री म्हणाले. "पूर्वेच्या बुरजात. चार बोटं. चला, दाखवतो. इथं नाई झाली."

"मग कुणाची झाली?"

इंजिनियरसाहेब कोपऱ्यात उभे होते. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"उस्तादानं पानी जायाले वाट ठेवली होती. थे म्या बंद केली. सायबानं सांगतलं, खरं हाये, पन हात माहा होता. एकदा ना म्हनलं. दोनदा म्हनाले पाह्यजे होतं. थे जाऊ द्या. भरलं तर भरलं, वाईट भरलं असतं तरी पानी निंगून गेलं असतं. बाजूचं पाहा ना, उभं हाये. मले वाईट भरता येत नाई." मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, "आनि त्या दिवशी सकाळी म्या पाह्यलं. एक थेंब नाई. थवाच समजाले पाह्यजे होतं मले. सगळ्या बायाइले हाकलाले पाह्यजे होतं. पन मले बरं वाटलं, सायब. भिंत पाहून मले बरं वाटलं."

मी हे सगळं लिहिलं. शेवटचं वाक्य तेलुगूत कसं लिहावं हे मला सुचेना, तर साहेब म्हणाले, "ते राहू दे." इंजिनियरसाहेब बाहेर जाऊन उभे राहिले आणि मी निघालो तेव्हाही तिथंच होते. पुढं त्यांनी बदली मागून घेतली.

रिपोर्ट वरून सांगितलं तसा झाला. मूळ बांधकामात दोष होता, असं पहिलं. आणि डोमाजी यांनी स्वतःच निष्काळजीपणा कबूल केला असल्यानं त्यांना कामावरून कमी करावं, असं दुसरं. म्हणजे उस्तादही गेला आणि मिस्त्रीही. रिपोर्ट मी टाइप केला. फाइल बंद झाली. खोपट रिकामं झालं. मिस्त्री ओळंबा घेऊन गेले की टाकून गेले, मी विचारलं नाही.

नंतर ते गावोगाव पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरतात असं ऐकू यायचं. बाजाराच्या दिवशी एकदा लांबून पाहिलेही. कुणा बाईमाणसाच्या पाट्यावर वाकून बसले होते. मी मिरच्या घ्यायच्या सोडून दुसऱ्या रस्त्यानं निघून आलो. मला काही वाटलं नाही असं नाही. भीती वाटली.

माझी बदली बासरकडे झाली, मग परत आलो. केस पिकले. एका हिवाळ्यात खात्यानं सगळ्या किल्ल्यांवरच्या बोर्डांची तपासणी काढली. छापील फॉर्म होते, जाऊन पाहायचं आणि भरायचं. चिंचगुडा माझ्या वाट्याला आलं. मी वर चढलो, दर पन्नास पावलांवर बसत. उत्तरेच्या बाजूला ठेकेदाराची अर्धी भिंत जशीच्या तशी उभी होती. मिस्त्रींच्या अर्ध्याच्या जागी दगडांचा ढीग, त्याच्यावर रानतुळस, पुढं निळा बोर्ड. आणि एका दगडावर मिस्त्री बसलेले. म्हातारे झाले होते, भुवया आता नुसत्याच पांढऱ्या होत्या. शेजारी टाकीच्या सामानाची झोळी.

"बाबू," म्हणाले, जसं काही आम्ही परवाच भेटलो होतो. "बरं झालं आले. हे काय लिवलं हाये सांगा बरं. चार साल झाले पाहून राह्यलो. चिंचगुड्यातल्या पोराइले विचारतो तर म्हनतेत, धोका हाये, येऊ नोको."

बोर्ड तेलुगूत होता. धोका आहे असंही त्यावर होतंच, खालच्या ओळीत. मी तेवढंच वाचून गप्प बसलो असतो तर चाललं असतं. का कोण जाणे, मी वरची ओळ वाचली. "मूळ बांधकामातील दोषामुळे ही तटबंदी कोसळली आहे."

"मूळ म्हंजे उस्ताद?"

"हौ."

त्यांनी बोर्डाच्या वरच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे कोनं ठरवलं?"

"रिपोर्टात होतं. रिपोर्ट म्या टाइप केला, मिस्त्री."

मला वाटलं, आता हा माणूस थुंकेल. थुंकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी नेहमीसारखं, आणि म्हणाले, "तुमचं कामच होये थे. चांगलंच केलं असंन."

चार प्रती होत्या, एकीतही खाडाखोड नव्हती. मी मान हलवली.

मिस्त्री उठले. ढिगातला एक रुंद दगड निवडला, त्याच्यावरची माती हातानं झाडली. "खडू हाये?" बोर्डांवर नंबर टाकायला माझ्या पिशवीत खडू होता. "लिवून द्या. मराठीत. मोठं लिवा, मले कोराले जमंन असं. ही भिंत डोमाजी मिस्त्रीच्या हातानं पडली."

"मिस्त्री, सरकारी दगड हाये. केस होते."

"बोर्ड सरकारचा हाये," ते म्हणाले. "दगड उस्तादाचा हाये."

मी गुडघे टेकले आणि लिहिलं. इंजिनियरच्या हुकुमानं, एवढं मधे घालू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले, तेवढी जागा नाही. मग मी भीत भीत विचारलं, गिरजाबाईंचं? मिस्त्रींनी दोन्ही तळहात दगडावर ठेवले, चुलीवर हात शेकतात तसे. "लिवा," म्हणाले. "खाली. निसतं नाव." मी लिहिलं, गिरजा. ते वाकून, बोट ठेवून, एकेक अक्षर वाचत गेले. 'डो' वाकडा आलाय म्हणाले. मी रुमालानं पुसून पुन्हा काढला. तोही त्यांना फारसा पसंत पडला नाही, पण चालेल म्हणाले, आणि झोळीतून छन्नी काढली.

मला बस गाठायची होती. अर्ध्या उतारापर्यंत ठोके ऐकू येत होते. मिस्त्रींना मी त्यानंतर पाहिलं नाही.

घरी येऊन फॉर्म भरला. बोर्ड आहे काय, आहे. सुस्थितीत आहे काय, आहे. शेवटचा रकाना होता: स्मारकाच्या दगडांवर कुणी काही कोरलेलं आढळलं काय. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. मग मी लिहिलं, नाही. खाली सही केली आणि शिक्का मारला.